‘कॉक’ मराठीत करताना: वस्तू नाहीत, मूकाभिनय नाही, मग प्रणयाचा आणि जेवणाचा प्रसंग बसवायचा कसा?

तिसरी_घंटा यांचा प्रश्न

ब्रिटिश नाटककार माइक बार्टलेटचं ‘कॉक’ हे नाटक मराठीत करायचं घाटतंय. भाषांतराचा पहिला खर्डा हातात आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉन आणि एम हे दोन पुरुष काही वर्षं एकत्र राहताहेत. मध्ये ते वेगळे होतात आणि त्या काळात जॉन एका बाईच्या, म्हणजे डब्ल्यूच्या, प्रेमात पडतो. मग तो एमकडे परत येतो, पण डब्ल्यूलाही सोडवत नाही. शेवटी तिघं एकत्र जेवायला बसतात आणि एम आपल्या बाजूने बोलायला स्वतःच्या वडिलांना, एफला, बोलावून घेतो. चार पात्रं, त्यात नाव एकट्या जॉनला.

संहितेतच सूचना आहे की नेपथ्य नको, वस्तू नकोत, फर्निचर नको आणि मूकाभिनयही नको. इथेच गाडी अडली आहे. प्रश्न असे:

१. जॉन आणि डब्ल्यूचा पहिला शरीरसंबंध रंगमंचावर घडतो. कपडे न काढता, जवळजवळ स्पर्श न करता तो बसवायचा तर नेमकं करायचं काय?
२. जेवणाच्या प्रसंगात ताट नाही, ग्लास नाही, खुर्ची नाही. नटांनी हातांचं काय करायचं?
३. प्रेक्षक चारी बाजूंनी बसवायचे आहेत. हॉल १२ बाय १४ मीटर, दिवे टांगायचे पाइप ४.२ मीटर उंचीवर. किती माणसं बसतील, किती दिवे लागतील?
४. ‘बाई भेटली आणि पोरगा मार्गी लागला’ असा अर्थ घेऊन प्रेक्षक घरी गेला तर सगळंच मुसळ केरात. ते टाळायचं कसं?

---

रिकामा_चौक

आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण तो सुटला की पहिला अर्धा सुटतो.

‘वस्तू नाहीत’ हे वाचलं की बहुतेक मंडळी त्याचा अर्थ ‘खर्च कमी’ असा घेतात आणि हवेतला ग्लास हवेत धरून पाणी प्यायला लागतात. मूकाभिनयाला मनाई आहे ती त्यासाठीच. हवेतला ग्लास दाखवला की प्रेक्षकाचं अर्धं लक्ष त्या ग्लासाकडे जातं: नटाने तो ठेवला का, बोटं नीट धरली का. बार्टलेटला ते लक्ष दोन माणसांमधल्या अंतरावर हवं आहे. मेक्सिकोतल्या मुक्कामात कोंबड्यांच्या झुंजींचा विषय त्याच्या डोक्यात शिरला आणि त्यातून हा आकार आला. लंडनच्या रॉयल कोर्टच्या वरच्या छोट्या थिएटरात २००९ साली जेम्स मॅकडोनाल्डने ते पहिल्यांदा केलं, तेव्हा मिरियम ब्यूथरने प्लायवुडचा गोल आखाडाच उभा केला होता. बेन विशॉ, अँड्र्यू स्कॉट, कॅथरीन पार्किन्सन आणि पॉल जेसन हे चौघं. आखाड्यात कोंबड्याच्या हातात काही नसतं, हे तालमीच्या पहिल्या दिवशी नटांना सांगून टाका.

आता हात. वाक्यात ‘अजून वाढू?’ आहे म्हणून वाढायचं नाही. बसायचं म्हटलं म्हणून खाली बसायचं नाही. नट उभाच राहतो आणि त्या क्षणी समोरच्याकडून काय हवंय ते करतो. रोजच्या आयुष्यात ‘अजून वाढू?’ याचा अर्थ कधी ‘माझ्याकडे बघ’ असा असतो, कधी ‘आता गप्प बस’ असा. वस्तू काढून घेतली की मागे तेवढंच उरतं आणि तेवढंच पाहिजे.

तालमीत हे असं बसवता येतं:

पहिल्या आठवड्यात जेवणाचा प्रसंग खऱ्या टेबलावर, खऱ्या ताटांनी करा. कोण कुठे बसतं, कोण वाढतं, कोणाला उठावंसं वाटतं ते शरीरात जाऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात ताटं काढा, टेबल-खुर्च्या राहू द्या. तिसऱ्यात टेबल काढा. चौथ्यात खुर्च्या. प्रत्येक वेळी नटाला एकच प्रश्न विचारायचा: ती वस्तू तू कोणाविरुद्ध वापरत होतास? उत्तर ‘कोणाविरुद्ध नाही’ असं आलं तर ती हालचाल फेकून द्या. ‘डब्ल्यूपासून लांब राहायला’ असं आलं तर ते लांब जाणं ठेवा, वस्तू जाऊ द्या.

बिघडतं कुठे? तिसऱ्या आठवड्यानंतर. हात रिकामे झाल्यावर नट खिशात हात घालतात, हाताची घडी घालतात, केसांशी चाळा करतात. चौघांचे चार चाळे एकदम सुरू झाले की प्रसंग बसस्टॉपसारखा दिसतो. खिसे नसलेले कपडे तालमीपासूनच द्या, निम्मा रोग तिथे बरा होतो. घडीसाठी सरळ नियम करा: पूर्ण प्रयोगात प्रत्येक पात्राला एकदाच, आणि कुठे ते ठरवून.

---

मंद_प्रकाश

तिसरा प्रश्न माझ्या प्रांतातला. आकडे देतो, तुमच्या हॉलवर ताडून बघा.

खेळायचं वर्तुळ ५ मीटर व्यासाचं धरा. साडेचारच्या खाली गेलात तर चौघांच्या प्रसंगात गर्दी होते, सहाच्या वर गेलात तर आखाड्याचा ताण जातो. समोरासमोर दोन येण्या-जाण्याच्या वाटा, प्रत्येकी १.२ मीटर. पहिली रांग केंद्रापासून ३.१ मीटरवर ठेवली आणि खुर्चीला ५० सेंटिमीटर धरले तर ३४ खुर्च्या बसतात. दुसरी रांग ४ मीटरवर, ४५ खुर्च्या. झाले ७९. तिसरी रांग ४.९ मीटरवर पूर्ण घातली तर १२ मीटरच्या बाजूला भिंतीपर्यंत जेमतेम ७० सेंटिमीटर उरतात. तिथून आणीबाणीत माणसं बाहेर काढता येणार नाहीत. घालायचीच असेल तर फक्त १४ मीटरच्या दोन टोकांना, आठ-दहा खुर्च्यांची. माझं मत विचाराल तर ८० वरच थांबा. रॉयल कोर्टच्या त्या वरच्या थिएटरातही शंभराच्या आतच माणसं बसतात आणि नाटक त्या अंतरासाठीच लिहिलेलं आहे.

दुसऱ्या रांगेची उंची हा कळीचा मुद्दा. जॉनला शेवटी जमिनीवर आणायचा विचार असेल (बहुतेकांना येतो) तर ३० सेंटिमीटरचा ओटा पुरत नाही. बसलेल्या माणसाचा डोळा साधारण १.१५ मीटरवर आणि डोक्याचा माथा १.२५ वर धरला, तर ३० च्या ओट्यावरून पुढच्याच्या डोक्यावरून जाणारी नजर वर्तुळाच्या मध्यावर अर्धा मीटर उंचीवरून जाते. म्हणजे आडवा पडलेला नट दिसतच नाही. ओटा ४५ सेंटिमीटर केला की नजर बरोबर मध्यावर जमिनीला टेकते. त्याला मध्ये एक पायरी लागेल, ती विसरू नका. खुर्च्या पुढच्या रांगेच्या फटींवर येतील अशा मांडा.

दिवे: चारी बाजूंनी प्रेक्षक असताना एका जागेला किमान तीन दिवे लागतात, १२० अंशांवर. दोनात भागवलं तर एका बाजूच्या प्रेक्षकांना काळा चेहरा दिसतो. वर्तुळाचे पाच भाग करा, मध्य आणि भोवतीचे चार. पाच त्रिक पंधरा. हा पाया झाला, बाकी सगळी हौस.

कोन ५० ते ५५ अंश ठेवा. ४.२ मीटरच्या पाइपवरून नटाच्या चेहऱ्यावर ५५ अंशांनी मारायचं तर दिवा नटापासून आडव्या मापाने १.८ मीटरवर येतो. नट वर्तुळाच्या कडेला उभा असला तरी पुढे जाणारा झोत पहिल्या रांगेच्या गुडघ्यांवर पडतो. तोच कोन ३५ वर आणलात की थेट डोळ्यांत. कोन उभा असल्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, त्यावर उपाय म्हणजे फिकट रंगाची जमीन. प्लायवुड तसंच ठेवलं तर खालून हलका उजेड परत येतो. काळं मॅट कापड टाकलंत तर चौघंही आजारी दिसतील.

पाइप खाली असल्यामुळे झोत पसरायला जागा नाही. ३६ अंशांची लेन्स चेहऱ्यापाशी साधारण दोन मीटरचा गोल देते, ५० अंशांची तीन मीटरचा. मध्यासाठी ५०, कडांसाठी ३६, आणि शक्यतो पात्या असलेले प्रोफाइल (झोताची कडा नेमकी आखता येणारे दिवे), म्हणजे प्रेक्षकांवर सांडणारा उजेड कापता येईल. पंख्याचे स्वस्त एलईडी घेऊ नका. या नाटकात लिहिलेल्या शांतता आहेत, त्यात पंधरा पंख्यांची घरघर ऐकू येते.

रंग बदलत बसू नका. प्रणयाला गुलाबी आणि भांडणाला निळा दिसला की प्रेक्षक समजून जातो, दिग्दर्शकाचा नटांवर भरवसा नाही.

---

अंतर_पावलं

पहिल्या प्रश्नावर. प्रणयप्रसंगाची आखणी मारामारीच्या आखणीसारखी करायची, हे तत्त्व धरून चला. तलवारबाजी ‘भावनेच्या भरात’ कोणी करत नाही, तसंच हेही. या कामाची शिस्त गेल्या काही वर्षांतच लिहून काढली गेली. इंटिमसी डायरेक्टर्स इंटरनॅशनल ही संस्था २०१६ साली निघाली आणि तिने पाच खांब मांडले: संदर्भ, संमती, संवाद, आखणी आणि समारोप. तुमच्या प्रसंगाला लावून सांगतो.

संदर्भ. हा प्रसंग आधी टेबलावर वाचा. जॉन बाईबरोबर पहिल्यांदाच आहे. म्हणून प्रसंगाचा गाभा वासना हा नाही. कुतूहल आहे, घाबरणं आहे आणि मध्येच हसू आहे. डब्ल्यू वाट दाखवते, पण तिलाही पक्कं माहीत नाही की हा राहणार का जाणार. हे नटांना आधी कळलं नाही तर ते चित्रपटात पाहिलेलं काहीतरी करायला लागतात.

संमती. दोन्ही नटांनी वेगवेगळं, दिग्दर्शक खोलीत नसताना, कागदावर लिहावं: कुठे चालेल, कुठे नाही, कुठे विचारून. ‘हो’ एवढंच उत्तर मोजू नका. नवा नट भूमिका जाईल या भीतीने हो म्हणतो. ‘नाही’ म्हटल्यावर कारण विचारायचं नाही. कागद दर आठवड्याला पुन्हा भरायचा, कारण उत्तरं बदलतात.

आखणी. इथे स्पर्श नाही, म्हणून अंतर हेच तुमचं वाद्य. चार टप्पे ठरवा: तीन मीटर, दीड मीटर, साठ सेंटिमीटर, वीतभर. कोणत्या वाक्यावर कोण किती आत येतं ते संहितेच्या समासात लिहा. दोघांनी एकाच वेळी आत येऊ नये. एक येतो, दुसरा थांबतो, मग तो येतो. आणि एकदा तरी एकाने मागे जावं. सरळ रेषेत जवळ येणं म्हणजे धडक. वर्तुळाच्या कडेने एकमेकांभोवती फिरत, गिरकी लहान लहान करत आणलंत तर चारी बाजूंच्या प्रेक्षकांना दोन्ही चेहरे दिसतात आणि झुंजीचा आकारही टिकतो. वीतभर अंतरावर आल्यावर हालचाल पूर्ण थांबवा. मग फक्त शब्द आणि श्वास.

श्वासातच बहुतेक प्रयोग आपटतात. दोघांनी जोरजोरात धापा टाकल्या की हशा येतो, आणि एकदा आला की तो परत जात नाही. श्वास ऐकू जाण्याची गरज नाही. वाक्य श्वासाच्या शेवटी बोला, पूर्ण छाती भरून बोलू नका. आवाज आपोआप बदलतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. दुसरी चूक म्हणजे डोळे मिटणं. डोळे मिटले की प्रेक्षक एका नटाला खासगी क्षणात चोरून बघतो, त्याला ओशाळं होतं. डोळे उघडे आणि समोरच्याच्या डोळ्यांत, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत.

समारोप. तालीम संपली की दोघांनी एक ठरलेली छोटी कृती करायची. हात झटकणं, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारणं, काहीही. ती वगळू नका, घाईच्या दिवशी तर नाहीच.

राहिला संवाद. या तालमीला खोलीत दोन नट, दिग्दर्शक, रंगमंच व्यवस्थापक आणि आखणी पाहणारी एक व्यक्ती, एवढेच. ती व्यक्ती दिग्दर्शकाची बायको किंवा मित्र नसावी, कारण नटाला तिच्याकडे तक्रार करता आली पाहिजे. फोनवर चित्रीकरण नाही, आठवणीसाठीही नाही. प्रत्येक प्रयोगाआधी दहा मिनिटं हा प्रसंग निम्म्या आवाजात, फक्त हालचालींसाठी करून घ्या. प्रयोग चालू असताना एखाद्या नटाने परस्पर काही ‘वाढवलं’ तर त्याच रात्री व्यवस्थापकाने त्याला थांबवायचं, पुढच्या तालमीची वाट बघायची नाही.

---

उलटी_बाजू

वरच्या दोन प्रतिसादांत आखाडा जणू बंधनकारकच आहे असं वाटतंय. तसं नाही. २०२२ साली मेरियन इलियटने हेच नाटक लंडनच्या अँबॅसेडर्समध्ये केलं, ते नेहमीचं समोरून बघायचं थिएटर. मागे वक्र, आरशासारखी चकचकीत भिंत होती आणि अॅनी-बी पार्सनने हालचाली जवळजवळ नृत्यासारख्या बांधल्या होत्या. तेव्हा हॉल नाही मिळाला म्हणून नाटक सोडू नका. मात्र समोरून करताना मागे काहीतरी असं हवं की जॉनला पळायला जागा नाही हे दिसेल. काळा पडदा लावलात तर तो कधीही विंगेत निघून जाऊ शकतो असं वाटतं आणि हवा जाते.

आता चौथा प्रश्न. तो मला बाकी तिन्हींपेक्षा मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तर शेवटच्या प्रसंगात शोधू नका. पहिल्या पंधरा मिनिटांतच निकाल लागतो.

पहिल्या भागात जॉन आणि एम भांडतात. एम विनोदी आहे, तोडून बोलतो. नट ते फक्त कडवट करतात. मग दुसऱ्या भागात डब्ल्यूबरोबर जॉन हसतो, मोकळा होतो आणि प्रेक्षक मनात हिशोब मांडतो: पुरुषाबरोबर दुःखी, बाईबरोबर सुखी. झालं तुमचं मुसळ केरात. म्हणून पहिल्या भागात जॉन आणि एममध्ये ओढ दिसली पाहिजे, भांडणाच्या पोटात. एमच्या विनोदावर जॉनला खरं हसू आलं पाहिजे, निदान तीन ठिकाणी. ‘अंतर_पावलं’ यांचं चार टप्प्यांचं माप इथेही लावा. जॉन-डब्ल्यूला वीतभर अंतर दिलं असेल तर जॉन-एमलाही एकदा तेवढंच द्या. दोन्ही नात्यांना जवळीक सारख्या मापाने मिळाली की प्रेक्षकालाही निवडता येत नाही, आणि त्याने तसंच अडकायला हवं.

पात्रनिवडीत तीन खड्डे:

एम बायकी लकबीचा करायचा नाही. हशा येईल, पण पुढे त्याचं घाबरणं कोणी मनावर घेणार नाही.

डब्ल्यू ‘सुटकेची देवी’ नाही. ती एकटी पडलेली, हुशार बाई आहे आणि जॉनपुढे घर-संसाराचं चित्र उभं करते तेव्हा तीही ओढतच असते, आवाज न चढवता. शिवाय जॉनने एमकडे तिचं वर्णन पुरुषी असं करून ठेवलेलं आहे, ते तिला जेवणाच्या वेळी कळतं. तिथे नटीने नुसतं दुखावू नये. त्या क्षणी तिला कळतं की हा माणूस दोन्हीकडे समोरच्याला परवडेल तेवढंच सांगतो. पुढचं सगळं ती हे माहीत असूनही करते.

एफ खलनायक नाही. उलट मुलाला स्वीकारायला ज्याने कष्ट घेतलेत असा बाप आहे. म्हणूनच तो हट्ट धरतो की माणूस एकतर असा असतो किंवा तसा, जन्मजात. जॉनने मधलं काही मान्य केलं तर बापाच्या त्या सगळ्या समजूतदारपणाचा पाया हलतो. एफ जितका सभ्य, जितका पुरोगामी कराल तितका तो प्रेक्षकातल्या पुरोगाम्याला बोचेल. त्याला खवळलेला म्हातारा केलात तर प्रेक्षक सुटला.

राहिला जॉन. त्याला ‘गोंधळलेला’ म्हणून सोडून दिलं की पन्नासाव्या मिनिटाला प्रेक्षकाचा धीर सुटतो. गोंधळ खेळता येत नाही, कृती खेळता येते. प्रत्येक प्रसंगात जॉन कोणालातरी थांबवतोय: जाऊ नकोस, विचारू नकोस, निवडायला लावू नकोस. तो काय आहे हे त्याला महत्त्वाचं वाटत नाही, समोर कोण आहे ते वाटतं. हे तो म्हणतोही, पण तोवर नटाने तासभर ते करून दाखवलेलं असलं पाहिजे.

---

तिसरी_घंटा

खूप उपयोग झाला. खिशांचं आजच कपडेपटाला कळवतो. एक राहिलं. मूळ संहितेत वाक्यांच्या मध्ये तिरकी रेघ आहे, तिथून दुसऱ्याने बोलायला सुरुवात करायची. भाषांतरात रेघा आम्ही जशाच्या तशा ठेवल्या आणि वाचनात नुसता कलकलाट झाला. नटांची चूक की भाषांतराची?

---

समासातली_नोंद

भाषांतराची. मराठीत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी. एक नमुन्याचं वाक्य घ्या (संहितेतलं नाही, माझंच): ‘मी तिला परत भेटणार / नाही.’ रेघेवर दुसरा घुसला की ‘नाही’ बुडालं आणि प्रेक्षकाने बरोबर उलटं ऐकलं. अशी दहा वाक्यं झाली की कथानकच कळेनासं होतं.

सुदैवाने बोलताना आपण क्रियापद पुढे ओढतोच. ‘नाही भेटणार मी तिला / परत कधी.’ ‘सांगितलंय ना तुला / शंभरदा.’ कामाचं सगळं रेघेच्या आधी, रेघेनंतर बुडालं तरी चालेल असं शेपूट. शेपूट तीन-चार अक्षरांपेक्षा लहान नको, नाहीतर एकमेकांवर चढलेलं बोलणं ऐकूच येत नाही, नुसती घाई वाटते. फार लांबही नको. संहिता हातात घेऊन प्रत्येक रेघेवर हे करावं लागेल, दुसरा मार्ग नाही. भांडणाची पानं आधी घ्या, तिथे रेघा दाट आहेत.

नटांसाठी: पाठांतर रेघांशिवाय करा, एकमेकांचं वाक्य पूर्ण ऐकून. मग रेघा आणा. घुसणाऱ्याने रेघेच्या दोन शब्द आधी श्वास घ्यायचा, तो शब्द त्याच्या प्रतीत अधोरेखित करा. रेघ ऐकून मग श्वास घेतला तर अर्धा सेकंद उशीर होतो आणि तो अर्धा सेकंद सगळं मारतो. ज्याचं वाक्य कापलं जातं त्याने आवाज खाली आणायचा नाही, वाक्य पूर्ण करायचं. नट सवयीने थांबतात.

शांततांचंही तसंच. छापील पानावर दोन संवादांच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली असते, जागा जेवढी मोठी तेवढी शांतता मोठी. भाषांतर टाइप करताना ती जागा सरसकट काढून टाकली जाते. परत घाला आणि मोकळ्या ओळीला किती सेकंद ते गटात ठरवून घ्या. नुसतं ‘पॉज’ लिहिलं की प्रत्येक नट आपापल्या घड्याळाने थांबतो.

दोन गोष्टी मराठीपुरत्या. डब्ल्यू बाई आहे हे एमला कळेपर्यंत जॉनच्या तोंडी ‘कुणीतरी भेटलं’ असं नपुंसकलिंगी ठेवा. एक ‘भेटली’ निसटली की प्रसंग फुटला. आणि जेवणाच्या प्रसंगात एम डब्ल्यूला ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’, एफ तिला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कुठे घसरतो, हे आधी ठरवा. एमचं ‘तुम्ही’ शिवीपेक्षा जास्त लागेल, ते लवकर सोडू नका. डब्ल्यूने एफला ‘तुम्ही’च म्हणावं, शेवटपर्यंत.

---

पडद्यामागून

व्यवहाराचं थोडं. भाषांतराचा हक्क आणि प्रयोगाचा हक्क या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. लेखकाच्या एजंटला पत्र लिहिताना दोन्ही स्वतंत्र मागा, भाषा, प्रयोगांची संख्या, आसनसंख्या आणि तिकीट लावणार की नाही हे सगळं पहिल्याच पत्रात. मेथ्युएनने छापलेल्या प्रतीत परवानगीसाठी कुठे लिहायचं ते दिलेलं असतं. नाव बदलायचा विचार असेल तर त्याचीही लेखी परवानगी लागते, जाहिरात छापायच्या आधी. ‘समासातली_नोंद’ म्हणतात ते वाक्यरचनेचे बदल भाषांतरात मोडतात. प्रसंग गाळणं किंवा शेवट बदलणं मोडत नाही.

प्रयोग मूळ दीड तासाच्या आत-बाहेरचा, विनामध्यंतर आहे. मध्यंतर घालू नका, ताण उतरला की परत चढत नाही. भाषांतर पसरून पावणेदोन तासांवर गेलं असेल तर कापण्याआधी वेग तपासा, बहुतेक वेळा रेघा पाळल्या जात नसतात.

उशिरा येणाऱ्यांना आत सोडायचं नाही हे तिकिटावरच छापा. चारी बाजूंनी प्रेक्षक असताना येणारा माणूस वाटेतून, म्हणजे नटांच्याच वाटेतून येतो.

प्रसंग बदलताना पूर्ण काळोख करू नका. एकतर वर्तुळात लपायला जागा नाही, आणि दुसरं म्हणजे काळोखात नट चाचपडतात. दिवे चाळीस टक्क्यांवर आणा, एक ठाशीव छोटा आवाज द्या, नट चार पावलांत नवी जागा घेतात, दिवे वर. चार सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. आवाजाचा आणि दिव्याचा क्यू (सुरू करायचा इशारा) एकाच माणसाच्या हातात ठेवा. दोन माणसांत वाटला की दर प्रयोगाला वेगळी फट पडते.